म्हणे

मराठी भाषेत ‘म्हणे’ नावाचा एक फार सोयीचा शब्द आहे. ‘कोपऱ्यावरच्या वाड्याचा सौदा झाला म्हणे.’ ‘यंदा साखर महागणार म्हणे.’ बोलणाऱ्याने बातमी तर दिली, पण तिचे ओझे मात्र खांद्यावर घेतले नाही. कोण म्हणाले, केव्हा म्हणाले, त्याला तरी कोणी सांगितले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर उरत नाही. मी या शब्दाला वाक्याचे मागचे दार म्हणतो. बातमी खरी ठरली तर पुढच्या दाराने मिरवत बाहेर पडावे. खोटी ठरली तर मागच्या दाराने गुपचूप निसटावे!

या मागच्या दाराने मी पुष्कळदा निसटलो आहे. एकदा मात्र ऐन वेळी मला ते दार सापडले नाही. आणि गंमत अशी की, ज्या गोष्टीवरून हे घडले ती राजकारणाची नव्हती, धर्माची नव्हती, कोणाच्या अब्रूचीही नव्हती. ती होती एका कॅमेऱ्याची. आणि तोही अजून बाजारात न आलेल्या कॅमेऱ्याची.

मला छायाचित्रणाचा नाद आहे. या नादाचे वर्णन माझी पत्नी असे करते की, “यांच्याकडे कॅमेरे दोन, फोटो चार आणि कॅमेऱ्यांची माहिती मात्र पोतंभर!” तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. या नादाला लागलेल्या माणसाला हातातल्या कॅमेऱ्यापेक्षा येऊ घातलेल्या कॅमेऱ्याचे वेड अधिक. अमुक कंपनीचा नवा कॅमेरा येणार आहे, तो अंधारातही लख्ख पाहील, उडत्या पाखराच्या डोळ्यावर नेम धरील, असे कुठून तरी कानी येते आणि कालपर्यंत लाडका असलेला आपला कॅमेरा एकाएकी जुनाट, ओबडधोबड वाटू लागतो. चारदोन नादिष्ट एकत्र जमले की या न आलेल्या कॅमेऱ्यावर अशी हमरीतुमरी चालते की, ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आमच्यासाठीच रचली असावी, असे वाटावे.

मला याचे नेहमी नवल वाटत आले आहे. कारण कॅमेऱ्याइतके वर्तमानकाळाशी एकनिष्ठ यंत्र दुसरे नाही. चित्रकार न पाहिलेला देव रंगवू शकतो, कवी उद्याची पहाट आज गाऊ शकतो. कॅमेऱ्याला यातले काही साधत नाही. भिंगासमोर जे आहे, आणि ज्या क्षणी आहे, तेवढेच तो टिपणार. अशा या सत्यवादी यंत्राच्या भक्तांनी सदैव ‘येणार, येणार’ म्हणत भविष्यकाळात राहावे, हा विनोद नव्हे काय?

पण अफवा अगदीच हवेतून जन्मत नाही. तिच्या पोटात सत्याचा एखादा दाणा असतो. नव्या कॅमेऱ्यात बिनतारी संदेशाची सोय असेल तर तो विक्रीस येण्यापूर्वी निरनिराळ्या देशांच्या सरकारी खात्यांत त्याची नोंद करावी लागते. त्या नोंदीत एखादा सांकेतिक क्रमांक दिसतो. एखाद्या नव्या भिंगाच्या पेटंटसाठी अर्ज झालेला असतो. असे अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात. एखाद्या दुकानदाराकडे जुन्या कॅमेऱ्याचा साठा संपलेला असतो. हे तिन्ही दाणे खरे असतात. पण नोंदीतला क्रमांक म्हणजे कॅमेरा नव्हे. पेटंट घेतलेली प्रत्येक कल्पना कारखान्यात जात नाही. आणि दुकानातला माल संपण्याचे कारण नुसता दुकानदाराचा आळसही असू शकतो. दाणा खरा असतो. त्याला कणीस आपण चिकटवतो.

याचे एक उदाहरण या नादातल्या लोकांत चांगलेच प्रसिद्ध आहे. निकॉन कंपनीने २००७ साली ‘डी३००’ नावाचा कॅमेरा काढला. तो लोकांना फार आवडला. २००९ च्या जुलैत त्याचीच थोडी सुधारलेली आवृत्ती ‘डी३००एस’ या नावाने आली. आता तीनशेनंतर चारशे येणार, हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटेल. तेव्हा लोकांनी ‘डी४००’ची वाट पाहायला सुरुवात केली. जर्मनीत कोलोन येथे १९५० साली सुरू झालेले ‘फोटोकिना’ हे तेव्हा या धंद्यातले मोठे प्रदर्शन होते. २०१० चे प्रदर्शन आले, २०१२ चे आले, २०१४ चे आले. दर वेळी ‘डी४००’ आता येणार असे ठरे, दर वेळी तो येत नसे, आणि दर वेळी त्याच्या न येण्याचे एखादे सुंदर कारणही सापडे. अखेर तब्बल साडेसहा वर्षांनी, २०१६ च्या जानेवारीत, कंपनीने त्या जातीचा कॅमेरा काढला. त्याचे नाव होते ‘डी५००’! ज्याची साडेसहा वर्षे चर्चा झाली, ज्याचे गुणदोष लोक एकमेकांना ठासून सांगत होते, तो ‘डी४००’ या जगात कधी आलाच नाही. पाळणा हलला, बारसे झाले, घुगऱ्याही वाटल्या गेल्या. मूल तेवढे जन्माला आले नव्हते.

यावर कोणी म्हणेल, लोकांच्या बोलण्याचे सोडा. प्रत्यक्ष कंपनीच्या तोंडून आलेली गोष्ट तरी खरी मानाल की नाही? तर तेही ऐका. याच कंपनीने २०१६ च्या फेब्रुवारीत ‘डीएल’ नावाचे तीन छोटे कॅमेरे रीतसर जाहीर केले. छायाचित्रे प्रसिद्ध झाली, किमती सांगितल्या गेल्या. पुढे एकेक अडचण निघत गेली, आणि जवळजवळ एका वर्षाने, २०१७ च्या फेब्रुवारीत, कंपनीने सांगितले की, खर्च वाढला, अपेक्षित विक्री घटली, नफ्याचा हिशेब जुळत नाही. सबब हे कॅमेरे विक्रीस येणार नाहीत. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला! त्याच्याही आधी २०११ साली थायलंडात महापूर आला आणि आयुथ्या येथले कॅमेऱ्यांचे कारखाने पाण्याखाली गेले. सोनी कंपनीने त्याच वर्षी ऑगस्टात जाहीर केलेला ‘नेक्स-७’ त्या पुरापायी लांबणीवर पडला. जाहीर करणारे खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. त्यांना आपला बेत ठाऊक होता. नदीचा बेत ठाऊक नव्हता.

आपल्या नैयायिकांनी ज्ञान मिळवण्याची जी साधने सांगितली, त्यांत शब्द हे एक आहे. पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातलग नव्हे. जो एखादी गोष्ट स्वतः नीट जाणतो आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा असते, तो आप्त. मग तो ऋषी असो की म्लेच्छ. ही कसोटी मला फार आवडते, कारण ती दुहेरी आहे. नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, जाणतेपणही हवे. नुसते जाणतेपण पुरत नाही, सांगण्यात सचोटीही हवी. आता ही कसोटी उद्याच्या कॅमेऱ्याला लावून पाहा. जो अजून झालेलाच नाही त्याचा प्रत्यक्षदर्शी कोण असणार? बनवणारासुद्धा फार तर आपल्या बेतापुरता आप्त. मग तिसऱ्याने चौथ्याला आणि चौथ्याने मला सांगितलेल्या गोष्टीबद्दल मी पाचव्यापाशी आप्ताचा आव कसा आणावा?

पण मी तो आणला. तीच गोष्ट आता सांगायची आहे.

साताऱ्यात माझा एक जुना विद्यार्थी फोटोचा धंदा करतो. शाळेत तो माझ्या विषयात जेमतेम पास होई, पण हाताचा नेटका आणि वृत्तीने फार सरळ. लग्नसराईवर त्याचे वर्ष चालते. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या चार दिवस आधी तो घरी आला. म्हणाला, “सर, दसऱ्याला नवा कॅमेरा घेतोय. पतपेढीचं कर्ज मंजूर झालंय. जुन्याचा काही नेम नाही आता.” त्याने कॅमेऱ्याचे नाव सांगितले. मी लगेच खुर्चीत सावरून बसलो. ज्ञान दाखवण्याची संधी कोणता मास्तर सोडील? मी म्हणालो, “छे, छे! आत्ता घेऊ नकोस. दोन महिन्यांत त्याच कंपनीचा नवा येतोय. मग हाच पुष्कळ स्वस्त होईल.”

“नक्की ना, सर?”

“अरे, मी वाचलंय ना!”

त्या दिवशी मी ‘येतोय’ म्हणालो. ‘येतोय म्हणे’ असे म्हणालो नाही. एवढासा तो शब्द, पण माझ्या जिभेने तो गाळला. का गाळला? ‘म्हणे’ लावले असते तर माझे ज्ञान तेवढे उणे दिसले असते, म्हणून.

तो थांबला. तुळशीची लग्ने झाली, लग्नसराई सुरू झाली. कॅमेरा आला नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यालाही आयुष्य असते. तो उघडझाप करून झिजतो. चांगल्या कॅमेऱ्याचा पडदा दीडेक लाख वेळा उघडझाप करील, असा अंदाज धरतात. माझ्या विद्यार्थ्याचा कॅमेरा तो आकडा केव्हाच ओलांडून गेला होता. माघात कोरेगावकडच्या एका लग्नात, शेवटचे मंगलाष्टक संपून अंतरपाट दूर होण्याच्या ऐन क्षणी तो पडदा अडकला. कोणाच्या तरी फोनवर त्याने पुढचे फोटो कसेबसे काढले. मुलीच्या वडिलांनी आरडाओरडा केला नाही. पण ते गप्प बसले, हेच त्याला फार लागले. त्याने घेतलेली आगाऊ रक्कम परत केली. ही बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि ती अफवा नसल्यामुळे तिला कोणी ‘म्हणे’ही जोडले नाही. त्या हंगामातली आणखी तीन कामे गेली.

आणि तो नवा कॅमेरा? तो त्या वर्षी आला नाही, पुढच्या वर्षीही आला नाही. त्याच्यानंतर आला तो दुसऱ्याच नावाने आणि माझ्या विद्यार्थ्याच्या ऐपतीबाहेरच्या किमतीला.

हे सारे मला त्याच्याकडूनच कळले. मी ओशाळून काहीबाही बोलू लागलो, तेव्हा तोच मला म्हणाला, “जाऊ द्या, सर. तुम्ही माझ्या भल्यासाठीच सांगितलंत.”

त्याने रागावून चार शब्द बोलले असते तर मी वाद घातला असता. मी कुठे कंपनीचा मालक होतो? मी कुठे मुद्दाम खोटे बोललो? पण ‘भल्यासाठी’ या त्याच्या शब्दाने माझी सगळी दारे बंद केली. मी रात्री स्वतःलाच विचारले: भले व्हावे ही इच्छा होती, हे खरे, पण तेवढ्याने मी सुटतो काय?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. त्याचे जहाज जुने झालेले असते. डागडुजी करावी असे मनात येते. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, तशी हीही होईल, अशी तो स्वतःची समजूत घालतो. ही समजूत अगदी मनापासूनची असते. जहाज उतारूंसह बुडते. क्लिफर्ड म्हणतो, याचा विश्वास खरा होता यात शंका नाही. पण हातात होता त्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि पुढे तो आणखी कठोर प्रश्न विचारतो: समजा, जहाज बुडाले नसते, तर मालकाचा अपराध कमी झाला असता काय? त्याचे उत्तर आहे, नाही. तो निर्दोष ठरला नसता. फक्त पकडला गेला नसता.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे बोलणे फाजील वाटले होते. आता तसे वाटत नाही. कारण कॅमेऱ्यांच्या अफवा कधी कधी खऱ्याही निघतात! २०२० च्या आरंभी अशी आवई उठली की, कॅनन कंपनीचा ‘आर५’ हा नवा कॅमेरा ‘आठ के’ इतक्या सूक्ष्म तपशिलाची चलच्चित्रे घेईल. एवढ्याशा यंत्रात हे कसे मावणार, म्हणून पुष्कळ शहाण्यांनी ती हसण्यावारी नेली. फेब्रुवारीत कंपनीने स्वतःच ती खरी असल्याचे सांगितले. मग ज्यांनी ती पसरवली ते आप्त ठरले काय? आकडा खरा निघाला, एवढेच. तशी चलच्चित्रे घेताना तो कॅमेरा इतका तापे की, वीसेक मिनिटांत थांबावे लागे. ते त्या आवईत कुठे होते? खरी निघालेली अफवाही शेवटी अफवाच. अंधारात फेकलेला दगड आंब्याला लागला, म्हणून फेकणाऱ्याचा नेम चांगला होता असे ठरत नाही. उलट मला तर वाटते, खोट्या निघणाऱ्या नऊ अफवांपेक्षा खरी निघणारी दहावीच अधिक घातक. कारण पुढच्या नऊ अफवा तिच्याच पुण्याईवर खपतात.

पण मग आपण विश्वास ठेवतो तरी का? आपण सगळेच काही भोळे नसतो. याचे उत्तर मला कॅमेऱ्यांपासून फार लांब, बिहारात सापडले. १९३४ च्या जानेवारीत तिथे भयंकर भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवांचा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला. त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. जिथे धक्का जोराने बसला पण पडझड झाली नव्हती, तिथेच याहून मोठी संकटे येणार असल्याच्या अफवांना ऊत आला होता. घाबरलेल्या माणसाने आपली भीती आणखी का वाढवावी? लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन विद्वानाने १९५७ साली याचा उलगडा केला. या अफवांनी भीती निर्माण केली नाही. भीती आधीच मनात बसली होती. पण भोवती पाहावे तर घरे जागच्या जागी उभी! मग भ्यायचे कशाला? आधीच वाटणाऱ्या भीतीला कारण हवे होते. ते अफवेने पुरवले.

हे वाचले आणि मला माझ्या नादाची किल्ली सापडली. येणाऱ्या कॅमेऱ्याच्या बातमीने माझे मन असंतुष्ट होत नाही. ते आधीच असंतुष्ट असते. माझे फोटो मनासारखे येत नाहीत. याचे खरे कारण असे की, मी पहाटे उठत नाही, माणसांजवळ जात नाही, एका झाडाखाली तासभर उभा राहत नाही. हे कारण पत्करणे जड जाते. अशा वेळी कोणी सांगते की, नवा कॅमेरा येतो आहे, आणि माझ्या आळसाला एकदम सन्माननीय कारण मिळते: मी आळशी नाही, मी वाट पाहतो आहे! त्या बातमीने मला कॅमेऱ्याविषयी काहीच सांगितलेले नसते. तिने मला माझ्यापासून लपण्याची जागा दिलेली असते.

जिथे अशी ओढ बलवत्तर असते तिथे तोतयेही निर्माण होतात. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, हे मानायला मन तयार नव्हते, म्हणूनच भाऊंच्या तोतयाला माणसे मिळाली. १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत त्याने मराठी राज्यात खळबळ माजवली. कॅमेऱ्यांच्या जगातही असा एक तोतया होऊन गेला. फिल्मचे दिवस मावळू लागले तेव्हा पुष्कळांना आपले जुने कॅमेरे टाकवेनात. १९९८ साली एका अमेरिकन कंपनीने असे सांगितले की, फिल्मच्या जागी बसेल असे एक छोटे यंत्र निघते आहे; ते घातले की जुना कॅमेरा नवा होईल. २००१ साली त्या कंपनीनेच काम थांबवले. यंत्र काही ग्राहकांच्या हाती आले नाही. दहा वर्षांनी, २०११ च्या १ एप्रिलला, तशाच यंत्राचे सुबक चित्र कोणी थट्टेने प्रसिद्ध केले, तर लोक ते विकत कुठे मिळेल म्हणून विचारू लागले! तारीख समोर दिसत होती. पण ओढ लागलेल्या माणसाला पंचांग दिसत नाही.

याच्या उलट मला दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. १९१२ साली ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवण्याचा कॅमेरा घेऊन आले. पुढे याहून चांगले कॅमेरे निघणार, हे त्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे? पण भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी त्याच कॅमेऱ्याने एका रोपाची वाढ टिपली, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आणला. थांबले असते तर कॅमेरा चांगला मिळाला असता. रोपटे मात्र तोवर वाळून गेले असते.

अंतरपाटही एकदाच दूर होतो. कोरेगावकडच्या त्या मुलीला मी ओळखत नाही, तीही मला ओळखत नाही. पण तिच्या आयुष्यातल्या त्या एका क्षणाचा फोटो नाही, आणि त्याचे कारण माझ्या घरात, माझ्या खुर्चीत बसून उच्चारलेले एक वाक्य आहे. अफवेचे हेच खरे पाप. ती ज्याला सांगावी त्याच्यापाशी थांबत नाही, आणि जिथे जाऊन फुटते तिथे आपण हजर नसतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणाऱ्याला आपण हसतो. पण त्याला पळत्याचा पत्ता देणाऱ्याचे काय?

मी आता नवे कॅमेरे येण्याच्या बातम्या वाचत नाही, असे सांगितले तर ती माझ्याबद्दलची आणखी एक अफवा होईल. वाचतो, पण दुसऱ्याला सांगायची वेळ आली की तीन प्रश्न स्वतःला विचारतो. हे मला कसे कळले? चुकले तर कोणाचे नुकसान? आणि ते नुकसान भरून देण्याची माझी तयारी आहे काय? तिसऱ्या प्रश्नाशी आलो की बहुधा तोंड आपोआप मिटते. आणि मला असेही कळून चुकले आहे की, नुसते ‘म्हणे’ लावूनही सुटका होत नाही. वडीलधाऱ्याच्या, डॉक्टरच्या, मास्तरच्या तोंडचे ‘म्हणे’ समोरच्याला ऐकूच येत नाही. तो ते गाळूनच ऐकतो.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी फराळाला आला होता. चहा पिता पिता म्हणाला, “सर, कॅमेरा बदलावा म्हणतोय. नवा काही येणार आहे का?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. माझ्या जिभेच्या टोकावर दोनतीन नावे आलीही होती. मी म्हणालो, “मला माहीत नाही.” मास्तरकीच्या इतक्या वर्षांत हे वाक्य मी फार थोड्या वेळा उच्चारले असेन. मग मीच त्याला विचारले, “आहे त्या कॅमेऱ्यानं तुझं काम अडतंय का?”

“अडतंय, सर.”

“मग दुकानात आज जो असेल, त्यातला परवडेल तो घे.”

तो हसला. तेवढ्यात आतून पत्नीचा आवाज आला, “थांबा हं, चकल्या येताहेत!” मी त्याला म्हणालो, “ही मात्र पक्की बातमी. सांगणारीनं स्वतः तळल्या आहेत.”

चकल्या आल्या. खुसखुशीत होत्या.